पेन्शन इथली, मुक्काम तिकडचा : कर कोणाचा?



आमचं राजेगाव म्हणजे काठावरचं गाव. बाघ नदीचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. पुलाच्या अलीकडे बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही नदीच्या या बाजूला राहिलो. सोयरीक त्या बाजूला, सातबारा त्या बाजूला, तहसील मात्र किरनापूर. एका माणसावर दोन सरकारांचा हक्क कसा असतो, हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. आमच्या राज्याच्या पेन्शनरांना तर याचा रोजचाच अनुभव. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, तेव्हा जुन्या पेन्शनचा बोजा दोन राज्यांत वाटला गेला. तेव्हापासून महागाई राहत वाढवायची तर एक सरकार दुसऱ्याच्या संमतीची वाट बघतं आणि पेन्शनर दोघांची.

आता हीच गोष्ट देशाच्या पातळीवर येऊन पोचली आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात, आखातात आहेत. आईवडील पेन्शनीत निघाले की आधी सहा महिने जातात, मग दर वर्षी जातात आणि एक दिवस ग्रीन कार्डाचा अर्ज भरतात. उलट बाजूने, तिकडे तीस वर्षं नोकरी करून नागपूर-गोंदियाकडे परतणारेही आता दिसू लागले आहेत. दोघांचा प्रश्न एकच : पेन्शनवर कर कोणत्या सरकारला द्यायचा? मी बँकेत आयुष्य घालवलं, सीए नाही. पण कागद वाचायची सवय गेलेली नाही, म्हणून जे समजलं ते मांडतो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. "भाऊ, मी सहा महिने मुलाकडे राहिलो, म्हणजे एनआरआय झालो ना?" असं मला निदान चार जणांनी विचारलं आहे. नाही झालात. आयकर कायदा तुमचे भारतातले दिवस मोजतो, एप्रिल ते मार्च. वर्षात १८२ दिवस इथे असाल तर रहिवासी, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी अट कोणी वाचत नाही : वर्षात ६० दिवस इथे असाल आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असाल, तरीही रहिवासीच. या ६० दिवसांच्या अटीतून सूट आहे, पण ती नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना, जहाजावर काम करणाऱ्यांना आणि परदेशात स्थायिक होऊन भेटीला येणाऱ्या भारतीयांना. नातवंडांना खेळवायला गेलेल्या आजी-आजोबांना नाही. म्हणजे जूनमध्ये गेलात, नोव्हेंबर संपताना परत आलात, तर तुम्ही पूर्वीसारखेच इथले रहिवासी. आणि ही चांगली बातमी आहे. का, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

वाईट बातमी अशी की भारताने तुम्हाला रहिवासी म्हटलं म्हणून अमेरिका गप्प बसत नाही. तिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि तिची मोजणी निराळी. या वर्षीचे पूर्ण दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा सहावा हिस्सा, अशी बेरीज करायची. ती १८३ झाली की व्हिसा पर्यटकाचा असला तरी करापुरते तुम्ही अमेरिकेचे रहिवासी. दर वर्षी १७० दिवस राहणाऱ्याची बेरीज करून बघा : १७० अधिक ५७ अधिक २८, म्हणजे २५५. दर वर्षी १२० दिवस राहणाऱ्याची होते १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. हा वाचला. यातून सुटकेचा एक रस्ता आहे : त्या वर्षी १८३ पेक्षा कमी दिवस तिथे असाल आणि तुमचं घरदार, बँक, मतदान सगळं भारतात असेल, तर 'माझा जवळचा संबंध भारताशी आहे' असं सांगणारा फॉर्म ८८४० भरता येतो. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला असेल तर हा रस्ता बंद. दर वर्षी पाच-साडेपाच महिने जाऊन येणाऱ्या आपल्या लोकांपैकी हा फॉर्म भरणारा मला अजून भेटला नाही. कोणी विचारत नाही तोवर चालून जातं, हे खरं. पण पुढे ग्रीन कार्डाची वेळ आली की मागचे दिवस मोजणारं कोणीतरी निघू शकतं.

आता जे खरोखर तिकडे स्थायिक झाले, त्यांच्याकडे येऊ. इथे मी गावातली दोन नेहमीची उदाहरणं घेतो. एक गुरुजी, मध्य प्रदेश शासनाच्या शाळेतून निवृत्त. दुसरे माझ्यासारखे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. दोघांची मुलं अमेरिकेत, दोघांनाही ग्रीन कार्ड. दोघांची पेन्शन भारतातल्या खात्यात, तीच एक तारीख, तोच रुपया. तरी भारत-अमेरिका कराराच्या दृष्टीने ही दोन वेगळी उत्पन्नं आहेत.

दुहेरी कर टाळण्याच्या या कराराचं कलम १९ सरकारी सेवेच्या पेन्शनसाठी आहे. सरकारने, राज्य सरकारने किंवा स्थानिक संस्थेने दिलेली पेन्शन असेल, तर कर लावायचा हक्क देणाऱ्या सरकारचा. म्हणजे गुरुजींच्या पेन्शनवर भारताचा हक्क कायम. कलम २० उरलेल्या पेन्शनसाठी : त्यावर कर फक्त जिथे माणूस राहतो तिथे. बँक सरकारी मालकीची असली तरी ती धंदा करते, आणि आमची पेन्शन सरकारी तिजोरीतून येत नाही. १९९५ च्या पेन्शन नियमांप्रमाणे बँकेने उभारलेल्या स्वतंत्र फंडातून येते. धंदा करणाऱ्या सरकारी उपक्रमाची पेन्शन सर्वसाधारण कलमात धरायची, असा या करारांचा रिवाज आहे. तेव्हा बँकेच्या निवृत्ताला ग्रीन कार्ड मिळालं की त्याची पेन्शन भारतात करमुक्त व्हायला हवी आणि हिशेब अमेरिकेत द्यायला हवा. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून किंवा भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्यांच्या ईपीएस-९५ पेन्शनचंही तसंच. पण ती पेन्शन इतकी तुटपुंजी असते, किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकलेली, की तिच्यावर कराची चर्चा करणं म्हणजे थट्टाच.

गुरुजींच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. कलम १९ वाचून कोणीही म्हणेल की अमेरिकेला या पेन्शनशी देणंघेणं नाही. परंतु कराराच्या पहिल्याच कलमात अमेरिकेने स्वतःच्या नागरिकांवर आणि रहिवाशांवर कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे. कलम १९ चा लाभ ती देते, पण फक्त त्यांना, जे तिचे नागरिक नाहीत आणि ग्रीन कार्डधारकही नाहीत. म्हणजे ग्रीन कार्डवाल्या गुरुजींनी पेन्शन अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवायची, भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मागायची. आणि पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, की कराराप्रमाणे ती पेन्शन फक्त अमेरिकेत करपात्र. एकाच माणसाच्या एकाच पेन्शनचा मालक तीन टप्प्यांत बदलतो. हे समजायला मला करार तीनदा वाचावा लागला, आणि मुलाला फोनवर समजावताना चौथ्यांदा.

आता आकडे, कारण आकड्याशिवाय बँकवाल्याचं पोट भरत नाही.

समजा बँकेच्या निवृत्ताची पेन्शन महिना ६५,००० रुपये आहे, वर्षाची ७,८०,०००. शिवाय २० लाखांच्या मुदत ठेवी, ७ टक्क्यांनी वर्षाला १,४०,००० व्याज. हा माणूस भारतात रहिवासी असेल, तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ८,४५,००० उत्पन्न उरतं. १२ लाखांपर्यंत कलम ८७अ ची सवलत असल्याने कर शून्य. सरकारने '१२ लाखांपर्यंत कर नाही' असं सांगितलं ते हेच.

पण ती सवलत फक्त रहिवाशाला आहे. अनिवासी झाला की स्लॅब तेच, सवलत गेली. ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, वरच्या ४५,००० वर १० टक्के म्हणजे ४,५००. त्यावर ४ टक्के उपकर ९८०. एकूण २५,४८० रुपये. उत्पन्नात एक रुपया वाढला नाही, फक्त माणूस मुलाकडे राहायला गेला. जाहिरातीतला '१२ लाख' हा आकडा परदेशी राहणाऱ्या पेन्शनरांसाठी नाही, हे कोणी मोठ्याने सांगितलं नाही. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. ज्याने आयुष्यभर इथे कर भरला, त्याने म्हातारपणी मुलाकडे राहायचं ठरवलं तर सवलत काढून घ्यावी, यात कोणतं तत्त्व आहे? अतिज्येष्ठांना विवरणपत्रातून सुटका देणारी, ७५ वर्षांवरची तरतूद आहे, तीही फक्त रहिवाशांना.

आणि प्रत्यक्षात कापला जाणारा कर याहून कितीतरी जास्त असतो. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ करावं लागतं, ठेवीही एनआरओ होतात. त्यांच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के कपात. आपल्या उदाहरणात १,४०,००० वर ४३,६८०. पेन्शनवर बँक पगारासारखा हिशेब करून १५,८६० कापते. मिळून ५९,५४०. खरा कर २५,४८०, म्हणजे ३४,०६० रुपये सरकारकडे अडकले. विवरणपत्र भरलं तरच ते परत मिळतात, आणि परदेशी बसलेले बरेच म्हातारे ते भरत नाहीत.

इथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. नोकरीत असताना मार्च-एप्रिलमध्ये काउंटरवर १५एच चे गठ्ठे यायचे. व्याजावर कर कापू नका, असं सांगणारा ज्येष्ठ नागरिकांचा तो फॉर्म. तो फक्त रहिवाशांसाठी आहे. मुलगा वडिलांच्या सहीचा फॉर्म घेऊन येई, "बाबा न्यू जर्सीला आहेत, ऑक्टोबरात येतील" म्हणे, आणि मी शिक्का मारून ठेवून घेई. ते बाबा तिथे कायमचे आहेत का, हे मी कधीच विचारलं नाही. त्या वेळी ते सौजन्य वाटायचं. पुढे अशाच एका जुन्या ग्राहकाला खोट्या घोषणेबद्दल आयकराची नोटीस आली, तेव्हा सौजन्याचा अर्थ कळला. बाबांना काही माहीत नव्हतं, त्यांनी फक्त सही केली होती. व्याज, दंड आणि सीएची फी मिळून जे गेलं, ते वाचवलेल्या कपातीहून जास्त होतं.

तर मग कराराचा फायदा घ्यावा की नाही? कागदोपत्री बघितलं तर आपल्या बँकवाल्याची पेन्शन भारतात शून्य कर, व्याज १,४०,००० हे ४ लाखांच्या आतच, म्हणजे सगळे ५९,५४० परत. अमेरिकेत डॉलर ९० रुपये धरला तर त्याचं सगळं भारतीय उत्पन्न १०,२०० डॉलरच्या आसपास. तिथली प्रमाणित वजावट २०२५ साली एकट्या माणसाला १५,७५० डॉलर आहे, ६५ च्या वर गेल्यावर आणखी जास्त. दुसरं काही उत्पन्न नसेल तर तिथेही कर शून्य. ऐकायला फार छान वाटतं.

पण त्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याकडून 'हा माणूस आमचा कर-रहिवासी आहे' असं प्रमाणपत्र लागतं. त्याला फॉर्म ६१६६ म्हणतात. त्याची फी ८५ डॉलर, आणि ते मिळायला सर्वसाधारणपणे तिथलं विवरणपत्र भरलेलं असावं लागतं. कर लागत नाही म्हणून विवरणपत्रच भरलं नाही, तर प्रमाणपत्र कशाच्या जोरावर मागणार? शिवाय भारताच्या पोर्टलवर फॉर्म १०एफ, इकडे सीए, तिकडे सीपीए. २५,००० रुपये वाचवायला १५-२० हजार खर्च आणि वर्षभर डोकेदुखी. माझा स्पष्ट सल्ला : पेन्शन लहान असेल आणि तिकडे विवरणपत्र एरवी भरावं लागत नसेल, तर भारतात विवरणपत्र भरून जादा कपात परत घ्या आणि तेवढ्यावर समाधान माना. पेन्शन लाखाच्या पुढे असेल, घरभाडं असेल, ठेवी मोठ्या असतील, तर मात्र प्रमाणपत्राची खटपट करण्यासारखी आहे. हिशेब प्रत्येक घराचा वेगळा.

करापेक्षा मोठी आफत मला दुसरीच वाटते, ती म्हणजे माहिती न देण्याची. ग्रीन कार्ड मिळालं की भारतातली सगळी खाती, मुदत ठेवी, पीपीएफ, एकत्र नावावरची खातीसुद्धा, मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर अमेरिकेला दर वर्षी कळवावी लागतात. त्या विवरणाला एफबार म्हणतात. दहा हजार डॉलर म्हणजे नऊ लाख रुपये. निवृत्त माणसाच्या ग्रॅच्युइटीच्या ठेवी एवढ्या असतातच. त्यावर कर नाही, नुसती माहिती. पण न दिल्याचा दंड माणसाला घाबरवील असा. आपल्याकडे पीपीएफचं व्याज करमुक्त, एनआरई ठेवीचं करमुक्त, म्हणून लोक तिकडेही तसंच समजतात. अमेरिकेला आपल्या करमुक्तीशी काही घेणं नाही, ती ते व्याज उत्पन्नात धरते.

'कोणाला कळणार?' हा प्रश्न आता जुना झाला. भारत आणि अमेरिका यांनी ९ जुलै २०१५ रोजी फॅटका करारावर सह्या केल्या. तेव्हापासून बँकेत केवायसीच्या वेळी 'आपण दुसऱ्या देशाचे कर-रहिवासी आहात का' असा एक कागद असतो. ग्राहक वाचत नाही, 'नाही' वर खूण करतो. मीही कित्येकांना बोट ठेवून खूण करायची जागा दाखवली आहे. पण तो कागद दोन्ही सरकारांमध्ये माहिती वाहून नेणारी नळी आहे, आणि ती दोन्ही दिशांनी वाहते.

इकडच्या दिशेने काय वाहतं, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसलं. परदेशातून आलेल्या माहितीवरून आयकर खात्याने करदात्यांना मोबाइलवर आणि ईमेलवर संदेश पाठवले : तुमचं परदेशात खातं दिसतं, विवरणपत्रात दिसत नाही, दुरुस्त करा. २४ हजारांहून अधिक लोकांनी सुधारित विवरणपत्रं भरली आणि २९ हजार कोटी रुपयांहून अधिक परदेशी मालमत्ता जाहीर झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये खात्याने पुन्हा तीच मोहीम काढली. या लोकांत सगळे काळा पैसावाले नव्हते. परत आलेले नोकरदार, ज्यांचं तिकडे एखादं पेन्शन खातं राहून गेलं होतं, असेही त्यात असणार.

त्या परतणाऱ्यांविषयी थोडं. अमेरिकेत नोकरी केलेल्याची पेन्शन साधारण दोन तऱ्हेची : सरकारकडून मिळणारी सोशल सिक्युरिटी, आणि नोकरीतलं ४०१(के) सारखं साठवणीचं खातं. सोशल सिक्युरिटीवर कर लावायचा हक्क करार फक्त अमेरिकेला देतो, भारत लावू शकत नाही. मात्र तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल आणि भारतात राहायला आलात, तर अमेरिका रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के, मुळातच कापून घेते. ग्रीन कार्ड सोडून गावी परतायचं ठरवताना हा चौथा हिस्सा हिशेबात धरलेला बरा. आणि ही पेन्शन मिळायला तिथे साधारण दहा वर्षांचं काम पूर्ण व्हावं लागतं. भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार अजून नाही, त्यामुळे सहा-सात वर्षं काम करून परतलेल्या मुलांचे पगारातून कापलेले पैसे तिकडेच राहतात.

४०१(के) चं उलट. त्यातली पेन्शन कराराप्रमाणे राहत्या देशात, म्हणजे भारतात करपात्र. डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म दिला नाही तर अमेरिका ३० टक्के कापते. दुसरी अडचण अशी होती की अमेरिका पैसे काढाल तेव्हा कर लावते, आणि भारत मात्र खात्यात व्याज-नफा जमा होईल तसा दर वर्षी लावू पाहतो. दोन्हींचं वर्ष जुळत नाही, म्हणून भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. २०२१ मध्ये कलम ८९अ आणून सरकारने हे सोडवलं : अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा या तीन देशांतल्या अशा खात्यांवर, तिकडे कर लागेल त्याच वर्षी इकडे लागेल. त्यासाठी विवरणपत्राची मुदत संपण्याआधी फॉर्म १०-ईई भरावा लागतो. एकदा निवड केली की मागे घेता येत नाही, आणि नंतर पुन्हा परदेशी जाऊन अनिवासी झालात तर ती निवड कधी केलीच नव्हती असं धरतात. मुलगा परत बोलावील अशी शक्यता असेल तर थांबून विचार करा.

परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मात्र कायदा उदार आहे. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर तुम्ही 'रहिवासी पण सर्वसाधारण रहिवासी नव्हे'. भाषा सरकारी आहे, अर्थ सोन्यासारखा आहे : परदेशातल्या पेन्शनवर या काळात भारतात कर नाही, आणि परदेशी मालमत्तेचं परिशिष्टही भरावं लागत नाही. काळ संपला की ते परिशिष्ट दर वर्षी, रक्कम किती का असेना. लपवल्याचा दंड वर्षाला १० लाखांपर्यंत होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून वगळलं आहे. पण दंड नाही म्हणजे माहिती द्यायची नाही, असा अर्थ काढू नये.

इंग्लंडमधून परतणाऱ्यांची गोष्ट करापेक्षा निराळी आहे. तिथली सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, कराराप्रमाणे कर फक्त भारतात. पण ती गोठवलेली असते. इंग्लंडात राहणाऱ्याची दर वर्षी वाढते. भारतात राहायला आलेल्याची ज्या दिवशी आली त्या आकड्यावर थांबते. वीस वर्षं जगलात तर वीस वर्षं तोच पौंड. आखातातल्या मुलांना पेन्शनच नाही, नोकरी सोडताना एकरकमी ग्रॅच्युइटी, आणि ती बहुतेकांच्या घराच्या स्लॅबमध्ये जिरलेली असते.

एक जुनी गंमत सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात, कायमचे परदेशी राहणाऱ्या काही पेन्शनरांना भारतात करमाफी दिली होती. कोणाला? स्वातंत्र्याआधी नेमलेले उच्च न्यायालयांचे न्यायाधीश आणि ब्रिटिश अमदानीतले सनदी अधिकारी. म्हणजे विलायतेत बसून भारताची पेन्शन खाणारे साहेब. दादाभाई नौरोजींनी भारतातून बाहेर जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात या साहेबांच्या पेन्शनीही होत्या. आमच्या बालाघाटचा डेप्युटी कमिशनर, इथल्या धानावरचा सारा गोळा करून केंटमध्ये गुलाब लावत बसलेला, त्याला कर माफ. आणि राजेगावचे गुरुजी न्यू जर्सीत बर्फ उपसत बसले तर त्यांची १२ लाखांची सवलतही जाते. साहेब कधीच वर गेले, कलम मात्र कायद्यात तसंच राहिलं.

आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक नवे आले. मी या लेखात जुनेच वापरले, कारण मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र जुन्या कायद्यानेच भरायचं आहे, आणि आपल्यासारख्यांच्या तोंडी जुनेच बसले आहेत. ६० आणि १८२ दिवसांची मोजणी नव्या कायद्यातही आहे. ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे अशा परदेशस्थांना भेटीचे दिवस १८२ ऐवजी १२० धरायचे, हा २०२० चा बदलही तसाच. दोन घरं भाड्याने देऊन मुलाकडे गेलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हयातीच्या दाखल्याचं विचारणारेही फोन येतात, तेव्हा जाता जाता : नोव्हेंबरमध्ये त्यासाठी विमान पकडून यायची गरज नाही. जीवन प्रमाण मोबाइलवरून होतं, नाही जमलं तर भारतीय दूतावासात सही मिळते. मात्र त्या दाखल्याबरोबर आपला राहता पत्ता बँकेला खरा कळवा. पेन्शन जमा होणारं खातं एनआरओ झालं म्हणून पेन्शन थांबत नाही, आणि कर भरून उरलेली पेन्शन परदेशी पाठवायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. चालू उत्पन्न म्हणून ती जाऊ शकते. खातं निवासीच ठेवलं तर सोयीचं, असं सांगणारे भेटतील. मीही कधी काळी सांगायचो.

कोजागिरीला मंडळात दोन तास बसणार आहे. ज्यांना आपले दिवस मोजायचे असतील त्यांनी जुना-नवा पासपोर्ट, फॉर्म १६ आणि ठेवींची यादी घेऊन यावं. कॅल्क्युलेटर माझा, दूध तुमचं.